सरकून घेण्याची रीत

त्या डोंगरावर ऊब खालून वर चढत असे, आणि एकदा चढली की खाली उतरत नसे.

हे फार जुने नव्हते. पूर्वी ऊबही पाऊस-थंडीसारखी यायची आणि जायची. उन्हाळ्यात ती अर्ध्या डोंगरापर्यंत यायची, थोडी रेंगाळायची, आणि थंडी लागली की पायथ्याच्या माळावर जाऊन पडायची. पण अलीकडे ती जिथवर पोचे तिथेच मुक्काम करू लागली होती. दर वर्षी तिचा मुक्काम थोडा वर जाई. ज्याच्या दारात ती येऊन बसे, त्याला तिथे राहवत नसे.

म्हणून डोंगरावर पाय कोणालाच नव्हते, तरी सगळे चालायला लागले होते.

चालायचे म्हणजे वरच्या अंगाला एक नवा कोंब टाकायचा आणि खालच्या अंगाचे जुने वाळू द्यायचे. प्रत्येक पावलाला आपलाच एक तुकडा मागे ठेवावा लागे. गवताला याचे काही वाटत नसे. त्याचे मागचे वाळले तरी पुढचे हसत असे. झुडपांना कष्ट पडत. वृक्षांचे तर चालणे म्हणजे फक्त बी टाकणे, आणि उतारावर टाकलेले बी घरंगळत खालीच जाते. त्यामुळे वृक्ष जागच्या जागी उभे राहत आणि बाकीचे त्यांच्या अंगाखालून वर जात.

या चालण्याची एक रीत होती. खालून येणाऱ्याने वरच्याच्या हद्दीशी थांबायचे आणि म्हणायचे, "सरकून घेता का जरा?" वरच्याने म्हणायचे, "घेते की." दुसरे उत्तर नव्हते. त्याला कोणी मनाई केली होती असे नाही. ते कोणी कधी दिलेच नव्हते, म्हणून ते कसे द्यायचे हे कोणाला माहीत नव्हते.

रीत पडली ती एका वणव्यात. खालचा अर्धा डोंगर जळाला तेव्हा वरच्यांनी अंग चोरून खालच्यांना जागा दिली होती. पुढे खाली पुन्हा हिरवे झाले, पाहुणे परत गेले, आणि जाताना यजमानांच्या मुळाशी आपल्या पानांची काळी माती ठेवून गेले. तेव्हापासून ठरले, की येईल त्याला सरकून जागा द्यायची आणि निवले की त्याने परत जायचे. पोरांना हे दोन्ही भाग एकत्रच शिकवत. आता पहिला भाग रोजच्या वापरात होता. दुसरा नुसता पाठ होता.

डोंगराच्या अगदी माथ्यावर एक काळा कातळ होता. त्याच्या सावळ्या, ओल्या अंगावर झिरपी राहत असे. ती शेवाळाच्या कुळातली होती. त्या कुळात मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती. कोणी काही विचारले तर झिरपी ते आधी पाण्यासारखे अंगात मुरू देई आणि मग हळूच उत्तर देई. तोवर विचारणारा बहुधा दुसरीकडे बघायला लागलेला असे. खालच्या कातळांवर तिचे बरेच गणगोत होते. ते एकेक करून तपकिरी झाले होते. आता त्या कुळात हिरवी अशी तीच उरली होती.

तिच्या वर कातळाचे नुसते कपाळ होते, आणि कपाळावर धुक्याची बैठक. धुके रोज संध्याकाळी येई, कातळावर सगळे अंग टाकून बसे, आणि दुसऱ्या दिवशी उन्हे चांगली वर आली की निघून जाई, पण जाताना एक पातळ, पांढरा पदर मागे ठेवी, म्हणून माथ्यावर लख्ख ऊन कधी पडत नसे. माथ्यावर जे काही ओले होते ते त्याच्यामुळे. पण इतक्या वर्षांच्या शेजारात झिरपी आणि धुके यांच्यात बोलणे असे कधी झालेच नव्हते. दोघांचाही स्वभाव तसा. ते आले की ती हिरवी होई, आणि ती हिरवी झाली की ते आणखी थोडे थांबे. त्यांची बोलाचाल एवढीच.

शेवाळाला फूल येत नाही. ज्या वर्षी सगळे जमून येते, त्या वर्षी त्याच्या अंगावर केसाएवढ्या देठांवर बारीक कुप्या उभ्या राहतात. प्रत्येक कुपीला एक टोपी असते. कुपी भरून पिकली की टोपी गळून पडते आणि आतली धूळ वाऱ्यावर निघते. ती धूळ म्हणजे शेवाळाची पोरे. मात्र कुपी पिकेपर्यंत ओल तुटता कामा नये. गेल्या काही वर्षांत झिरपीला दोनतीनदा कुप्या आल्या होत्या. प्रत्येक वेळी त्या भरण्याआधीच सुकल्या. याबद्दल ती कोणाशी बोलली नव्हती.

सगळ्यांत आधी नेचेवहिनी आली. ओढ्याच्या काठची ती, पाण्यात पाय सोडून बसणारी. ती कातळाखाली पोचली तेव्हा तिच्या पानांच्या कडा करपल्या होत्या आणि कोवळे कोंब तिने मुठीसारखे गच्च गुंडाळून धरले होते.

"आहेस का गं झिरपी?"

"आहे की."

"सरकून घेतेस का जरा? थोडेच दिवस. खाली निवलं की मी चालले."

"घेते की."

झिरपी वीतभर वर गेली. तिच्या जुन्या जागी नेचेवहिनीने मुळे टेकली आणि मोठा श्वास टाकला. मग तिचे तोंड सुरू झाले.

"अगं, आमच्या ओढ्यावर आता कोण राहायला आलंय, माहितेय? घाणेरी! सगळं गोत घेऊन आली. विचारणं नाही, पुसणं नाही, बसली ती मांडी ठोकून."

"मग तिला रीत सांगायची ना, वहिनी."

"सांगितली की. म्हणते, आमच्यात नाही बाई तसलं काही." नेचेवहिनीने एक मूठ थोडीशी उलगडली आणि पुन्हा मिटली. "वर फुलं बघ किती गोड. लाल काय, पिवळी काय. पाखरं तिच्यावरच भाळलीत."

झिरपी वरच्या नव्या जागेची ओळख करून घेत होती. जागा थोडी कोरडी होती, पण चालण्यासारखी होती.

धुके विरळ झाले की कातळावरून खाली, अर्ध्या डोंगरावर, एका हिरड्याचा गोल माथा दिसे. त्याला सगळे हिरडेबुवा म्हणत. बुवांच्या अंगाखालून किती जण वर गेले, पण बुवा तिथेच. वर चढून आलेला प्रत्येक जण त्यांचे नाव काढी. "बुवांकडे बघावं. एवढी ऊब अंगावर घेतली, पण एक पान गळू दिलं नाही." झिरपीही त्या हिरव्या माथ्याकडे बघून धीर धरी. बुवा हिरवे आहेत तोवर फार काही बिघडलेले नाही, असे तिला वाटे.

तिचा हा धीर गारंबीने घालवला.

गारंबी म्हणजे दरीतली वेल. तिचे खोड अजगराएवढे होते. तिला जमिनीवर जागा लागतच नसे; ती या झाडावरून त्या झाडावर जाई. ऊब वाढल्यापासून ती कधी नव्हे इतकी फोफावली होती. एके दिवशी तिचे कोवळे टोक माथ्याच्या कडेवर येऊन लोंबू लागले.

"काय झिरपाबाई, आहात का? मला वाटलं, उडून गेलात वाऱ्यावर."

"आहे की," झिरपी म्हणाली. मग थोड्या वेळाने तिने विचारले, "बुवा बरे आहेत ना?"

"मजेत आहेत. माझ्या मिठीत आहेत म्हटल्यावर मजेतच असणार." गारंबी हसली. ती नेहमीच हसे. तिला हे दिवस मानवले होते आणि ती ते लपवत नसे. "पण तू त्यांचा माथा बघत बसू नकोस. त्यांच्या पायाशी बघ. एक रोप नाही. बी पडतं, फुटतं, दोन पानं काढतं आणि भाजून जातं. कैक वर्षं असंच चाललंय. बुवा उभे आहेत ते जुन्या पाण्यावर. आपण संपलो आहोत हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही, एवढंच."

"मग तुम्ही का नाही सांगत?"

"मी कशाला सांगू? माझा मांडव त्यांच्यावरच तर आहे."

त्यानंतर धुके विरळ झाले तरी झिरपी त्या बाजूला बघेनाशी झाली.

पुढे एका वर्षी कारव्या आल्या. त्या कधी एकट्या येत नाहीत. कारव्यांची एक मोजणी असे. सात उन्हाळे गप्प राहायचे, आठव्याच्या आधी सगळ्यांनी एकदम फुलायचे, सगळा उतार जांभळा करून टाकायचा म्हणजे मधमाश्या लांबून येतात, आणि मग बिया देऊन एकदमच मरायचे. उन्हाळे त्या अंगाला लागणाऱ्या उबेवरून मोजत. ऊब हलेनाशी झाली तेव्हा कोणता उन्हाळा कुठे संपला हेच त्यांना कळेना. अर्ध्या जणी एका वर्षी फुलल्या, अर्ध्या पुढच्या वर्षी. मधमाश्या आल्या, ठिगळे लावल्यासारखा उतार पाहून परत गेल्या. बी धरले नाही, म्हणून मरणेही राहून गेले. तेव्हापासून कारव्या एकमेकींवर रुसलेल्या होत्या, आणि त्याच स्थितीत त्या वर चढत होत्या.

"तूच घाई केलीस."

"मी केली? तू झोपली होतीस!"

"गप्प बसा गं दोघी," थोरली कारवी म्हणाली आणि नेचेवहिनीकडे वळली. "आम्ही सात वर्षांतून एकदा तोंड उघडतो. तेव्हा जरा ऐकून घ्या. सरकून घेता का?"

"तेही अर्ध्याच जणींनी उघडलं म्हणे," नेचेवहिनी पुटपुटली. पण लगेच मोठ्याने म्हणाली, "घेते की." आणि मग तिने वर बघितले. तिचा चेहरा ओशाळला होता. "झिरपी, आता मला सरकायचं तर..."

"घेते की," झिरपी म्हणाली. तिने पुढचे बोलणे वहिनीला करू दिले नाही.

ती आणखी वर गेली. आता ती कातळाच्या कपाळाला लागूनच होती. जिथे आधी होती तिथे एक तपकिरी डाग राहिला, त्याच्याखाली त्याहून जुना एक डाग, आणि त्याखाली कारव्यांची गर्दी. सरकण्याचा शीण एका कुठल्या जागी दुखत नाही. तो सगळीकडे सारखा पसरलेला असतो, म्हणून तो कोणाला दाखवता येत नाही. झिरपीने तो दाखवला नाही. वहिनीनेही दाखवला नाही, पण तिच्या मुठी आता कधीच उलगडत नसत. कारव्या भांडायच्याही कमी झाल्या. माथ्यावर गर्दी वाढत गेली तशी शांतता वाढत गेली.

अशा एका वर्षी पावसाच्या शेवटी झिरपीला पुन्हा कुप्या आल्या.

तिने कोणाला सांगितले नाही. पण नेचेवहिनीची नजर तिखट.

"अगं बया! झिरपी! दिवस गेलेत तुला?"

"हळू बोला ना, वहिनी."

"हळू कशाला? एवढ्या वर्षांनी..." वहिनी वाकून बघू लागली. "किती गं आहेत! आणि उभ्या कशा आहेत बघ, ताठ. अगं कारव्यांनो, बघा इकडे!"

कारव्यांनी माना उंच केल्या. सगळ्या जणी आपले भांडण विसरल्या. "टोप्या हिरव्याच आहेत अजून," एक म्हणाली. "पिवळ्या व्हायला पाहिजेत." "थंडी सरेपर्यंत होतील." "धुकं येतंय ना रोज? मग काळजी नाही." किती तरी दिवसांनी माथ्यावर सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत होते. त्या वेळी कोणी झिरपीकडे जागा मागितली नाही. संध्याकाळी धुके आले की सगळे आपणहून बोलणे थांबवत, जणू ते जेवायला बसले आहे.

झिरपी रोज कुप्या बघे. त्या भरत होत्या. देठ जड होऊन किंचित वाकले होते. आधीच्या कुप्या इथवर कधी पोचल्या नव्हत्या. एवढी थंडी निभावली तर शेवाळाची धूळ वाऱ्यावर निघणार होती आणि कुठल्या तरी दुसऱ्या, उंच, थंड डोंगरावर जाऊन पडणार होती. असा डोंगर कुठे आहे का हे तिला माहीत नव्हते. तरी तिने तो मनात तयार करून ठेवला होता. त्याच्यावर एक काळा कातळही ठेवला होता.

मग एक वानर आले. त्याच्या गालात हिरड्याचे फळ होते. ते त्याने माथ्यावर बसून चावले, तोंड वाकडे केले, आणि फेकून दिले. फळ झिरपीच्या खालच्या कडेला एका चिरेत जाऊन अडकले. काही दिवसांनी चिरेतून एक कोंब निघाला आणि त्याला दोन पाने फुटली.

पाने कोणाची ते सगळ्यांनी ओळखले.

गारंबीचे टोकही बघायला आले. "नाक तर थेट बुवांचंच," ती म्हणाली. पण या वेळी ती हसली नाही. "खाली काय झालंय ते तुम्हाला कळलं नसेल. बुवांचा शेंडा वाळला. पाखरं बसली तरी मोडतो. आता बी धरायचे नाहीत ते. हा शेवटचाच."

त्या चिरेत माती नव्हती. रोप दोन पाने पसरून उभे राही आणि दुपारी ती पाने मिटून घेई. दर दिवशी ती थोडी लवकर मिटू लागली. त्याच्या मुळाला ओल हवी होती, आणि माथ्यावर ओल धरून ठेवणारी एकच जागा होती. झिरपीच्या अंगाखालची.

रोपाला रीत माहीत नव्हती. ती शिकवायला त्याच्याजवळ कोणी नव्हते. ते काही मागत नव्हते, फक्त रोज थोडे खाली वाकत होते. शेवटी नेचेवहिनी बोलली.

"झिरपी, मी माझ्यासाठी मागत नाही हो."

"माहितेय, वहिनी."

"बुवांचा एवढा एकच आहे."

"माहितेय."

"आणि तुझं तर..." वहिनी थांबली. तिला कुप्या दिसत होत्या. "तुझंही आहेच म्हणा."

मग थोरली कारवी म्हणाली, "पण बाईंनी सरकायचं कुठं? वर तर नुसतं कपाळ आहे."

"कपाळावर धुकं बसतं," दुसरी म्हणाली.

"मग धुक्याला विचारायचं. त्यानं बोटभर सरकून घेतलं तर बाई वर जातील. बाईंची खालची कड मोकळी होईल, ती पोराला होईल. कुप्या वरच्या कडेला आहेत, त्यांना धक्कासुद्धा लागायचा नाही. रीत सगळ्यांना सारखीच की."

हे सगळ्यांना पटले. इतके सोपे आपल्याला आधी कसे सुचले नाही, असे काही जणींना वाटले. फक्त गारंबी म्हणाली, "झिरपाबाई, सरळ नाही म्हण. दोन अक्षरं आहेत. जीभ झिजत नाही."

झिरपीने तो शब्द मनातल्या मनात म्हणून पाहिला. तो तिच्या अंगात मुरेना. कातळावर पडलेल्या थेंबासारखा वरच्या वर राहिला. तिने खाली पाहिले. वहिनीच्या करपलेल्या कडा दिसल्या. कारव्यांची वाळलेली बोटे दिसली. यांच्यातल्या प्रत्येकीने कोणासाठी तरी आपला तुकडा मागे टाकला होता, आणि प्रत्येकीने म्हणताना "घेते की" असेच म्हटले होते. मग तिने रोपाकडे पाहिले. त्याची पाने मिटलेली होती, आणि दुपार व्हायला अजून अवकाश होता.

"विचारते," ती म्हणाली.

दिवसभर ती एकच गोष्ट मनात घोळवत होती. आपल्याला नाही म्हणता येत नाही. पण धुके म्हणू शकेल. ते मोठे आहे. ते आकाशातले आहे, त्याला रीत लागू असेलच असे नाही. ते म्हणेल, नाही बाई, माझी जागा इथेच. मग सगळे ऐकतील, कोणी तिला दोष देणार नाही, कुप्या पिकतील, आणि रोपाचे काय करायचे ते पुढे बघता येईल. धुक्याने नाही म्हणावे असे तिला फार फार वाटत होते. इतके, की संध्याकाळ व्हायच्या आधीच तिला ते म्हटल्यासारखे ऐकू येऊ लागले.

संध्याकाळी धुके आले आणि नेहमीसारखे अंग टाकून बसले. सगळा माथा गप्प झाला.

"बाबा," झिरपी म्हणाली, "सरकून घेता का जरा?"

धुके हलले नाही. त्याला आजवर कोणी काही विचारलेच नव्हते. ते बराच वेळ तसेच बसून राहिले. झिरपीच्या प्रत्येक कुपीच्या टोपीवर एकेक थेंब जमला. ती वाट पाहत होती. आता म्हणेल, आता म्हणेल.

"घेतो की," धुके म्हणाले.

त्याचा आवाज तिच्या आवाजासारखाच होता, बारीक आणि ओशाळलेला. त्यानेही वर्षानुवर्षे खालचे सगळे ऐकले होते. त्यालाही दुसरे उत्तर येत नव्हते.

ते उठले. जरा म्हणजे किती, हे त्याला ठाऊक नव्हते. कातळावरच्यांचे जरा बोटभर असते. आकाशात बोटे नसतात. कोणाला अडचण होऊ नये म्हणून ते आपल्या मते थोडेसेच वर गेले, आणि आणखी एक डोंगर वर ठेवला असता तर त्याचा माथा जिथे आला असता, तिथे जाऊन थांबले.

सकाळी माथ्यावर पहिल्यांदाच लख्ख उजेड पडला.

आधी सगळ्यांना आनंद झाला. "अगंबाई, केवढं दिसतंय!" कारव्या ओरडल्या. "ती बघा नदी. ते बघा दुसरे डोंगर." नेचेवहिनीने आपला ओढा शोधला. तो सापडला; दगडांची एक पांढरी रेघ होती. मग त्यांची नजर जवळ आली. त्यांनी आपला डोंगर कधी एवढा पूर्ण पाहिला नव्हता. पायथ्याला पिवळे गवत होते. त्यावर घाणेरीची रंगीत गर्दी. त्यावर उभे वृक्ष, वरून हिरवे, पण ते हिरवे गारंबीचे होते. आणि अगदी वर, कातळाभोवती, टोपीच्या काठाएवढा एक बारीक पट्टा होता. त्या पट्ट्यात त्या स्वतः होत्या.

झिरपीने ठरल्याप्रमाणे कपाळावर एक नवा कोंब टाकला आणि खालची कड सोडली. रोपाने तिथे मूळ घातले. दुपारी त्याची पाने मिटली नाहीत. सगळ्यांनी ते पाहिले, आणि चांगले झाले, असे म्हटले.

संध्याकाळी धुके आले, पण वरच थांबले. खाली जागा नाही असे त्याला सांगण्यात आले होते. ते वरून बघत राहिले आणि सकाळी निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी झिरपीने त्याला हाक मारायचे ठरवले. पण सरकून घ्या म्हणायला शब्द होते, परत या म्हणायला नव्हते. ते येणाऱ्याने आपणहून करायचे असे. तिने शोधून शोधून एक साधी हाक मारली. शेवाळाचा आवाज वीतभर जातो. वहिनीने हाक मारली, मग सगळ्या कारव्यांनी एकदम मारली. वरून फक्त पांढरे, मऊ, सभ्य असे काही तरी दिसत राहिले.

ऊब कपाळापर्यंत आली आणि बसली.

कुप्यांच्या टोप्या पिवळ्या होऊ लागल्या तेव्हा एका कारवीने हळूच विचारले, "पिकल्या का हो?" तेवढ्यात एक टोपी पडली. आतून वाऱ्यावर काहीच निघाले नाही. कुपीत हिरवा, ओला, अर्धवट लगदा होता, आणि बघता बघता तो सुकला. मग दुसरी टोपी पडली. नेचेवहिनीने दुसरीकडे तोंड केले.

कडेच्या थोड्या कुप्या अजून टोपी धरून होत्या. त्या भरलेल्या होत्या. आणखी थोडे दिवस ओल मिळाली असती तर पिकल्या असत्या. झिरपीने उरलेले सगळे पाणी त्यांच्या देठांकडे ओढून घेतले होते आणि स्वतः जवळजवळ सगळी तपकिरी झाली होती.

ऊन वर येत होते. धुके होते तोवर या माथ्यावर सावली कधी पडलीच नव्हती, त्यामुळे ती इथे कोणाच्या ध्यानातच नव्हती. आज हिरड्याच्या रोपाची दोन पाने पूर्ण उघडली, आणि त्यांच्याखालून एक छोटा, गार, काळसर तुकडा निघून कातळावर पडला. तो नेमका त्या उरलेल्या कुप्यांवर पडला. त्यांचे देठ किंचित सरळ झाले.

नेचेवहिनीने श्वास रोखला. कारव्यांनी आपली पाने आवरून घेतली. रोपही हलेना; आपल्याकडून काही तरी होत आहे हे त्याला कळले असावे.

मग, कोणी काही म्हटलेले नसताना, सावली कुप्यांवरून सरकू लागली.